मांजर ट्रे सोडून भलतीकडेच शू-शी करतंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात १८ वर्षांत ७ मांजरं नांदली. त्यामुळे सोसायटीतल्या, नात्यातल्या आणि नात्यातल्यांच्या ऑफिसातल्या लोकांना कुणीतरी माझा नंबर देतं आणि फोन येतो. सुरुवात ठरलेली: "अहो, कालपर्यंत अगदी शहाण्यासारखी ट्रेमध्ये जात होती हो..." मी डॉक्टर नाही. ज्यांच्या गाद्या खराब झाल्या त्यांच्यातलीच एक आहे. खालची उत्तरं थोडी डॉक्टरांकडून ऐकलेली, थोडी वाचलेली आणि बरीचशी फरशी पुसता पुसता सापडलेली आहेत.

आमची मांजर मुद्दाम माझ्याच उशीवर शू करते. माझ्यावर राग आहे का तिचा?

नाही. सूड, मत्सर, "दाखवते आता तुम्हाला" हे सगळं आपण घरातल्या माणसांवरून तिला चिकटवतो. मांजराला शू करायला जागा कशी हवी असते? मऊ, कोरडी, ओल शोषून घेणारी, वास न मारणारी आणि बसल्यावर चहूकडे लक्ष ठेवता येईल अशी. आता तुमच्या अंथरुणाचं वर्णन करून बघा.

आमच्या साळूने एकदा सासूबाईंच्या गोधडीवर लागोपाठ ३ दिवस शू केली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला: "परवा ओट्यावरून हाकललं ना मी, त्याचं उट्टं काढतेय." चौथ्या दिवशी मी दुपारी घरी होते. साळू गॅलरीत ट्रेपाशी गेली, पुढचा एक पाय वाळूत ठेवला, आणि तेवढ्यात शेजारच्या वॉशिंग मशीनने कपडे पिळायला घेतले. ट्रे थरथरला. कान पाडून, पोट जमिनीला लावून ती मागे सरकली आणि सरळ सासूबाईंच्या खोलीकडे निघाली, कारण आमच्या घरातली सगळ्यात शांत खोली तीच. मशीन आदल्या आठवड्यात तिथे हलवलं होतं, आणि हलवणारी मीच. ट्रेला दुसरा कोपरा दिला, गोधडी धुतली, प्रकरण मिटलं. सासूबाईंच्या मते मात्र ते उट्टंच होतं.

मग सुरुवात कुठून करायची?

दवाखान्यातून. ट्रे, वाळू, जागा हे सगळं त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात: महिनाभर चार प्रकारची वाळू आणून बघतात, आणि शेवटी कळतं की मूत्राशयाला सूज होती. शू करताना दुखलं की मांजर त्याचा संबंध ट्रेशी जोडतं. "तिथे गेलं की दुखतं" एवढंच तिला समजतं, म्हणून ती दुसरीकडे जाऊन बघते.

जाण्याआधी दोन दिवस नीट पाहणी करा. शू बाहेर होते, शी, की दोन्ही? मोठं डबकं आहे की चार थेंब? जमिनीवर आहे की भिंतीवर? रंग गुलाबी किंवा लालसर आहे का? पाणी पिणं वाढलंय का? धडधाकट मोठं मांजर दिवसातून साधारण २ ते ४ वेळा शू करतं आणि एकदा शी. ती ट्रेमध्ये बसलेली असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. मात्र मांजर कुंथत असेल आणि शू होत नसेल, तर दोन दिवस सोडाच, दोन तासही थांबू नका. पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

डॉक्टर लघवी तपासतात, गरज पडली तर पोटाची सोनोग्राफी आणि रक्त. खडे, संसर्ग, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, उतारवयात थायरॉइड वाढणं, यातलं काहीही निघू शकतं. शेवटच्या तिन्हींत लघवीचं प्रमाणच वाढतं. ट्रे लवकर भरतो, ओला होतो, आणि मांजर कोरडी जागा शोधतं. लघवीचा नमुना घरून न्यायचा असेल तर एक युक्ती सांगते. रिकाम्या, स्वच्छ ट्रेमध्ये फिशटँकमधले बारीक खडे धुऊन वाळवून पसरायचे. ते ओल शोषत नाहीत. मांजर उकरतं, बसतं, आणि शू खाली जमते. ती सिरिंजने ओढून घ्यायची.

आमचा बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, पण काहीच होत नाही. पोट साफ होत नसेल का?

हे वाचत बसू नका, आत्ता निघा.

बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट द्रवाचा बोळा अडकला की लघवी पूर्ण बंद होते. मूत्राशय टम्म फुगतं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. हे सगळं २४ ते ४८ तासांत. बाहेरून मात्र ते हुबेहूब बद्धकोष्ठासारखं दिसतं, आणि तिथेच घात होतो.

आमचा गोट्या ५ वर्षांचा असताना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी असाच बसला होता. ट्रेमध्ये जायचा, पाठीची कमान करायचा, मिनिटभर तसाच, मग दोन पावलं बाहेर येऊन मागची बाजू चाटायचा, परत आत. शेवटी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर तीन थेंब पडले. गुलाबी. घरात पाहुणे, बाहेर लवंगी माळा, आणि माझं आपलं चाललेलं की फटाक्यांना घाबरला असेल, सकाळी बघू. रात्री त्याने उलटी केली तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस सलाइनवर ठेवलं. "सकाळी आणला असतात तर..." एवढंच म्हणाले ते आणि पुढचं वाक्य गिळलं.

भाटीलाही त्रास होतो, पण तिची नलिका रुंद असल्यामुळे पूर्ण अडकणं विरळ. बोका कुंथतोय, ओरडतोय, तिथलं चाटतोय, खात नाही, उलटी झाली, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काहीही दिसलं तर मध्यरात्र असली तरी निघायचं. रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना कोणता, हे आजच शोधून फ्रिजवर लावून ठेवा.

डॉक्टर म्हणाले, जंतू नाहीत, खडे नाहीत. मग लघवीत रक्त कशाने?

तरुण आणि मधल्या वयाच्या मांजरांत हेच सगळ्यात जास्त आढळतं. मूत्राशयाला सूज असते पण कारण सापडत नाही. डॉक्टर त्याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. जंतूंचा संसर्ग तरुण मांजरांत कमी, १० वर्षांपुढच्यांत जास्त. म्हणून "मागच्या वेळचं अँटिबायोटिक परत देऊन टाकू" असं परस्पर करू नका.

या सुजेचा ताणाशी जवळचा संबंध आहे. नवीन माणूस, नवीन मांजर, घराचं रंगकाम, खिडकीत येऊन बसणारा परका बोका, काहीही पुरतं. झटका बहुतेक वेळा आठवडाभरात ओसरतो आणि नंतर पुन्हा केव्हातरी येतो. दुखणं कमी करायचं औषध डॉक्टर देतात. आपल्या हातात उरतं ते पाणी आणि शांतता.

पाण्याचं म्हणाल तर मांजर मूळचं कोरड्या प्रदेशातलं जनावर, तहानेची जाणीव कमी, लघवी घट्ट. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. कोरडंच देत असाल तर निदान एक वेळ ओलं सुरू करा, किंवा उकडलेल्या कोंबडीचं बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं पाणी खाण्यावर ओता. पाण्याची भांडी घरभर ठेवा, पसरट, मिशा न टेकणारी, आणि ट्रेपासून लांब. सुकट, बोंबील, खारवलेलं सुकं मासळीचं काहीही बंद.

तोवर घरातलं दुखण्याचं औषध थोडंसं दिलं तर?

नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांना जळजळीवर देतात ते गोड सिरपसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बोका दारावर, पडद्यावर, फ्रिजच्या बाजूला पिचकारी मारतो. हेही तेच का?

हे वेगळं आहे. शू करणारं मांजर खाली बसतं, आडव्या जागेवर, बऱ्यापैकी मोठं डबकं करतं. पिचकारी मारणारा उभा राहतो, पाठ भिंतीकडे, शेपूट ताठ आणि टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी तुडवतो. थोडीशीच, पण वास असा की जिन्यापर्यंत कळावं. ऑपरेशन न झालेल्या बोक्यांच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं. ते विघटित होताना तो वास सुटतो.

ही हद्दीची निशाणी. ट्रे कितीही चकचकीत ठेवलात तरी थांबणार नाही. नसबंदीने सुमारे दहातल्या नऊ बोक्यांची सवय जाते किंवा खूप कमी होते. ४ ते ६ महिन्यांच्या वयात करून घेतलेली बरी. दोन वर्षं सवय मुरल्यावर केली तर फळ यायला काही आठवडे लागतात. आणि हो, माजावर आलेली भाटीही फवारते. तिचंही ऑपरेशन करा. नाहीतर वर्षाला दोन-तीनदा पिल्लांना घरं शोधत फिरावं लागतं, ते वेगळंच.

ऑपरेशन होऊन वर्ष झालं, तरी खिडकीखाली फवारतो.

खिडकीबाहेर बघा. बहुतेक वेळा तिथे गल्लीतला एखादा धटिंगण बोका येऊन बसतो. खालच्या काचेला कागद लावा, ग्रिलवर त्याला बसता येणार नाही अशी सोय करा, बाहेर ठेवलेलं उरलंसुरलं खाणं उचला. आपली मांजरं एकमेकांशी पटवून घेत नसतील तर त्याचं पुढे येईलच. मांजरांच्या गालातल्या गंधाची नक्कल करणारे, प्लगला लावायचे डिफ्यूझर मिळतात. महाग असतात, काही घरांत उपयोग होतो, काही घरांत फक्त वीज जळते.

ट्रे कसा असावा? किती असावेत? कुठे ठेवावेत?

दुकानातले बहुतेक ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात आणि आपण ते मांजर म्हातारं होईपर्यंत वापरतो. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जेवढी लांबी, त्याच्या दीडपट ट्रे हवा. मोठ्या बोक्याला म्हणजे जवळपास ७० सेंटिमीटर. एवढा ट्रे दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून भांड्यांच्या किंवा प्लास्टिकच्या दुकानात जा. कपडे भिजवायचा मोठा पसरट टब, किंवा झाकणाचा स्टोरेज बॉक्स घेऊन एका बाजूने १०-१२ सेंटिमीटरवर कापायचा. कड मेणबत्तीवर किंचित फिरवून गुळगुळीत करायची. बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं पिल्लाला छान, मोठ्याला अपुरं. कडेवर चारही पाय ठेवून, मागची बाजू बाहेर काढून शू करणारं मांजर "ट्रे लहान आहे" हेच सांगत असतं.

झाकणवाले ट्रे आपल्याला आवडतात, कारण घाण दिसत नाही. आतला वास मात्र मांजराच्या नाकात. काहींना चालतात, काहींना नाही. झाकण आठवडाभर काढून बघा. आत अंथरलेला प्लास्टिकचा कागद नखांत अडकतो, तोही काढा.

संख्या: मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. एका मांजराला दोन, दोघांना तीन. "अहो, वन बीएचके आहे आमचं" हे ऐकायला येतं आणि खरंही असतं. निदान दोन ठेवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. गॅलरीत शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच.

जागा शांत, पोचायला सोपी, पळायला वाट असलेली हवी. खाण्याच्या भांड्यांजवळ नाही. बाथरूममध्ये ठेवत असाल तर दार रात्री कुणी लावून घेत नाही ना, आणि बादलीतलं पाणी ट्रेवर उडत नाही ना, हे बघा. आपल्याकडची बाथरूमं ओली. भिजलेल्या पायांनी वाळूत जायला कुठल्याही मांजराला आवडत नाही. दुपारी ऊन तापणाऱ्या गॅलरीचंही तेच: एप्रिल-मेमध्ये वाळूला हात लावून बघा.

वाळू कोणती घ्यावी?

बहुतेक मांजरांची पसंती बारीक, मऊ, बिनवासाच्या, गोळा होणाऱ्या वाळूला. ही बेंटोनाइट नावाच्या मातीची असते. तिच्या खाणी आपल्या शेजारी कच्छमध्येच आहेत. लव्हेंडर, लिंबू, कॉफीचा वास घातलेली वाळू विकत घेणाऱ्यासाठी असते, वापरणाऱ्यासाठी नाही. थर ३ ते ५ सेंटिमीटरचा. दोन महिन्यांखालच्या पिल्लांना गोळा होणारी देऊ नका, ती तोंडात घालतात. आणि बेंटोनाइट कधीही कमोडमध्ये टाकू नका. पाइपात ती काय करते ते प्लंबर सांगेल, वर पैसेही घेईल.

नदीची चाळलेली वाळू, कागदाचे तुकडे, लाकडाचा भुसा यांवर कितीतरी मांजरं आयुष्य काढतात. गोळा होत नसल्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण बदलावं लागतं इतकंच. वर्तमानपत्रावर वाढलेल्या पिल्लाला अचानक वाळू दिली तर ते घरातलं दुसरं वर्तमानपत्र शोधतं. बदल करायचाच असेल तर जुन्यात नवी रोज थोडी थोडी मिसळत १०-१२ दिवसांत करा.

तिला काय आवडतं ते कळत नसेल तर दोन-तीन सारखे ट्रे शेजारी ठेवून प्रत्येकात वेगळी वाळू घाला आणि आठवडाभर मोजा. गादीवर जाणाऱ्या एका भाटीने आमच्याकडे रिकाम्या ट्रेमध्ये अंथरलेलं जुनं बनियन पसंत केलं होतं. मग त्या बनियनवर चमचा चमचा वाळू टाकत महिन्याने ती पूर्ण वाळूवर आली.

साफ किती वेळा?

ट्रेमधले शू-शीचे गोळे रोज दोनदा काढायचे, निदान एकदा. गोळा होणारी वाळू दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण बदलून ट्रे साध्या साबणाने धुवायचा. ओरखड्यांत वास मुरतो, म्हणून वर्षाने ट्रेच बदला. विटाळलेल्या सार्वजनिक संडासातून नाक दाबून परत फिरलेल्या माणसाने "मांजर फार नखरेल आहे" म्हणू नये.

आमची मोरीतल्या जाळीवर करते. चालेल का?

जुन्या घरांत कित्येक मांजरं मोरीतच जायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. तुम्हाला चालत असेल तर चालू द्या. दोन गोष्टी लक्षात घ्या. शू वाहून जाते, त्यामुळे रक्त पडलं किंवा प्रमाण बदललं तर कळत नाही. आणि मोरी कुठल्या औषधाने धुता ते बघावं लागेल (खाली सांगितलंय). थांबवायचं असेल तर काही दिवस जाळीवरच ट्रे ठेवा, आणि मग रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या.

तुळशीच्या कुंडीत खड्डा करून ठेवते! आई फार चिडते.

चिडणारच. मातीवर मुठीएवढे गोटे किंवा नारळाच्या करवंट्या पालथ्या घाला, मधून फक्त रोपापुरती जागा. उकरता आलं नाही की ती नाद सोडते. पण ती मातीकडे जातेय, याचा अर्थ ट्रेमधल्या वाळूत काहीतरी आवडलेलं नाही. ट्रेमध्ये वरून थोडी कोरडी माती पसरून बघा.

कितीही धुतलं तरी वास येतो आणि ती पुन्हा तिथेच जाते. काय वापरू?

आधी काय वापरायचं नाही ते.

फिनेल बंद. काळं, पांढरं, कुठलंही. पाण्यात घातल्यावर पाणी दुधाळ होतं अशी बहुतेक जंतुनाशकं मांजराला विषारी असतात, कारण त्यांतले फिनॉलसारखे पदार्थ फोडायची ताकद तिच्या यकृतात नाही. ती ओल्या फरशीवरून चालते, पंजे चाटते, आणि ते पोटात जातं. ब्लीच शूवर ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी मिळून डोळे-घसा जाळणारा वायू सुटतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच तर एकत्र कधीच नाही. अमोनियावाले क्लीनर म्हणजे शूच्या वासावर शूचाच वास.

ताजी असेल तर आधी जुन्या फडक्याने दाबून दाबून टिपा, घासू नका. मग गार पाणी, पुन्हा टिपा. त्यानंतर एन्झाइम असलेला क्लीनर. प्राण्यांच्या दुकानात मिळतो. नसेल तर एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात. डाग दिसतो त्याच्या दुप्पट जागा भिजवा, कारण खाली ती पसरलेली असते. १५-२० मिनिटं राहू द्या, मग पाण्याने पुसून सावकाश वाळू द्या. एन्झाइमला काम करायला ओल आणि वेळ लागतो, लगेच पंखा लावून वाळवलं तर पैसे वाया.

जुने डाग दिसत नसतील तर नोटा तपासायची निळी यूव्ही बॅटरी घ्या आणि रात्री दिवे मालवून फिरवा. वाळलेली शू फिकट पिवळी-हिरवी चमकते. आमच्याकडे पहिल्यांदा फिरवली तेव्हा सोफ्याच्या मागे आख्खा नकाशा निघाला.

शहाबादी फरशी असेल तर व्हिनेगर, लिंबू, अ‍ॅसिड काही लावू नका. तो चुनखडीचा दगड, आम्लाने झिजतो आणि मग आणखी शोषतो. टाइल्समध्ये वास सांध्यांत बसतो, तिथे जुन्या टूथब्रशने एन्झाइम घाला. कापसाची गादी आतपर्यंत भिजली असेल तर मात्र कुठलीही बाटली पुरत नाही. खोळ काढून धुवायची, कापूस कडकडीत उन्हात टाकायचा आणि पिंजून परत भरून घ्यायची. नव्या गादीवर काही महिने मेणकापड.

शू ट्रेमध्ये करते, शी मात्र ट्रेच्या बाहेर, अगदी बाजूला. असं का?

काही मांजरांना दोन्ही एकाच जागी नको असतं. दुसरा ट्रे ठेवल्यावर निम्म्या घरांत हा प्रश्न मिटलेला मी पाहिलाय. शी कडक असेल तर दुखतं, आणि मांजर चालता चालता बाहेर पडतं. पातळ असेल तर तिथवर पोचत नाही. दूध बंद करून बघा. मोठ्या मांजरांना दुधातली साखर बहुधा पचत नाही, चित्रात काहीही दाखवोत. पर्शियन आणि लांब केसांच्या मांजरांच्या मागच्या केसांना वाळूचे गोळे चिकटतात आणि ओढ बसते. तिथले केस कापून घ्या.

दोन मांजरं आहेत. नेमकं कोण करतंय?

एकेकीला दिवसभर वेगळ्या खोलीत ठेवून बघा, किंवा जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावा. करणारी पकडली गेली तरी कारण दुसरीच असू शकते. ट्रेच्या वाटेवर, पॅसेजच्या तोंडाशी, एकजण नुसती आडवी पडून राहते. भांडण नाही, आवाज नाही, फक्त टक लावून बघणं. दुसरी तिथून जात नाही. म्हणून ट्रे वेगवेगळ्या वाटांवर हवेत, आणि वर चढायला फळ्या, कपाटं मोकळी हवीत.

पावसाळा आणि सणांतच हे वाढतं. योगायोग का?

नाही. बाहेर जाणारी मांजरं जून-जुलैत दारापाशी जातात, पावसाकडे बघतात आणि पायपुसण्यावर बसतात. त्यांना चार महिन्यांसाठी तरी आत ट्रे लागतो. दमट हवेत वाळू लवकर ओलावते, ती नेहमीपेक्षा जास्त वेळा बदला.

गणपतीत तर बैठकीची खोलीच पालटते, माणसं येतात, ढोल-ताशे. दिवाळीत फटाके. आतल्या एका खोलीत ट्रे, पाणी, अंगाचा वास असलेली जुनी चादर आणि लपायला खोकं ठेवा. ही खोली सणाच्या दोन दिवस आधी तयार करा, आरतीच्या वेळी उचलून कोंडू नका.

१४ वर्षांची आहे. आता विसरायला लागलीय का?

असेलही, पण आधी गुडघे बघा. म्हाताऱ्या मांजरांत संधिवात फार आढळतो आणि ती लंगडत नाहीत, नुसती उड्या मारायचं सोडतात. १५ सेंटिमीटरची कड ओलांडणं तिला डोंगर वाटतं. एका बाजूने कड ५-६ सेंटिमीटरवर आणा, ती झोपते तिथून जवळ ट्रे ठेवा, रात्री छोटा दिवा. मूत्रपिंडं आणि साखर तपासून घ्या.

नाक घासून दाखवलं तर लक्षात राहील का?

तुम्ही येता तेव्हा वाईट होतं, एवढंच लक्षात राहील. मग ती पलंगाखाली, तुम्ही नसताना करेल.

तपासणी झाली, ट्रे बदलले, तरी सवय गेली नाही. आता?

लहान खोलीत ठेवा. एका बाजूला खाणं, पाणी, झोपायची जागा, दुसऱ्या बाजूला मोठा ट्रे. गाद्या, गालिचे बाहेर. दिवसातून तीन-चार वेळा तिच्याशी जाऊन बसा, ही कोठडी नव्हे. आठ-दहा दिवस ट्रे नीट वापरला की तुम्ही समोर असताना एक खोली उघडा, मग दुसरी. जिथे पूर्वी करायची तिथे तिचं खाण्याचं भांडं ठेवा. मांजर जेवते तिथे सहसा करत नाही.

सुनेला दिवस गेलेत. सगळे म्हणतात, मांजर सोडून या.

भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची. त्याची अंडी शीमधून पडतात, पण पडल्यावर १ ते ५ दिवसांनी ती संसर्गजन्य होतात. ट्रे रोज साफ झाला तर धोका खूप कमी होतो. सुनेने ट्रेला हात लावायचा नाही, ते काम मुलाचं. मांजराला कच्चं मटण द्यायचं नाही, उंदीर मारू द्यायचे नाहीत. माणसांना हा संसर्ग अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाज्यांतूनही होतो, तिकडेही बघा. शंका असेल तर तिच्या डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा.

पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. घरात वाढलेलं मांजर मंडईत सोडलं की पहिल्या आठवड्यात कुत्री, वाहनं किंवा भूक यांतलं काहीतरी गाठतं. खरंच जमत नसेल तर ओळखीत घर शोधा, आणि नवीन माणसाला ती बाहेर शू करते हे आधी सांगा. आमच्या सातांपैकी एक अशीच आली. आधीच्या घरात रोज सोफ्यावर करायची. इथे आल्यावर टबएवढा ट्रे मिळाला आणि एकदाही नाही केली.